कुंडीतला वाफसा: नवशिक्यांनी मिश्रण कसं निवडावं

घरातलं झाड गेलं की पहिला संशय पाण्यावर येतो. जास्त झालं असेल, नाहीतर कमी पडलं असेल. पण कितीतरी वेळा पाणी बेतानंच घातलेलं असतं, ते धरून बसणारं मिश्रण चुकलेलं असतं. म्हणून झाड आणण्याआधी, निदान कुंडी भरण्याआधी, मिश्रणाचा विचार करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

शेतीतला एक शब्द इथे फार कामाचा आहे: वाफसा. पाऊस पडून गेला की जमिनीतलं जास्तीचं पाणी खाली उतरतं, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल राहते. चिखलही नाही, कोरडही नाही. या अवस्थेत मुळं सगळ्यात जोमानं वाढतात. कुंडीसाठी मिश्रण निवडताना स्वतःला एवढंच विचारायचं: पाणी घातल्यावर यात वाफसा किती लवकर येईल, आणि आला की किती दिवस टिकेल?

आधी कुंडीचा स्वभाव समजून घ्या

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या पोकळ्यांत हवा असली की प्राणवायू मुळांपर्यंत सहज पोचतो. त्याच पोकळ्या पाण्यानं भरल्या की तो सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे पाण्यात फोफावणारे रोगकारक त्या दुबळ्या मुळांवर चढतात. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे झाड वरून अगदी तहानल्यासारखं मलूल दिसतं. आपण कळवळून आणखी पाणी घालतो आणि झाड हातचं जातं.

जमिनीत हे कमी होतं, कारण तिथे पाण्याला खाली जायला जागा असते. खालची माती वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत मात्र तळाशी ओढणारं कोणी नसतं. छिद्रं कितीही मोठी असली तरी तळाचा एक थर पाणी सोडत नाही. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि ताटलीवर आडवा धरा. निथळायचं ते निथळेल आणि थेंब थांबतील. आता तोच स्पंज लांब बाजूनं उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, त्यातल्या पोकळ्या त्याच, फक्त उंची वाढली.

कुंडीतही हेच घडतं. तळाच्या ओल्या थराची उंची मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. कण जितके बारीक, तितका हा थर उंच. समजा एखाद्या मिश्रणात तो ४ सेंटिमीटर आहे. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत तो तळाशी निमूट राहील आणि वर मुळांना भरपूर मोकळी जागा मिळेल. १० सेंटिमीटरच्या बुटक्या कुंडीत मात्र जवळजवळ अर्धी जागा सतत चिंब राहील. त्यामुळे उथळ कुंडीला नेहमी जास्त जाडंभरडं मिश्रण लागतं.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची सवयही यातूनच तपासून पाहावी. मी स्वतः बरीच वर्षं तुकडे घालत होते. कुंडी बदलताना दिसायचं, की तुकड्यांच्या बरोबर वरची मुळं काळी पडलेली आहेत. बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भरल्याशिवाय ते खाली सरकत नाही. म्हणजे खडीमुळे निचरा वाढत नाही, ओला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवला तर पुरे.

पहिली पायरी: झाड आणि आपला हात, दोन्ही ओळखा

झाड मूळचं कुठे वाढतं हे शोधा. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट हे झाडांच्या खोडावर चढणारे वेल. त्यांच्या मुळांना पालापाचोळा, साल आणि भरपूर हवा यांची सवय असते. फॅलेनॉप्सिससारखी ऑर्किडं तर झाडाच्या फांदीवरच राहतात, त्यांना माती ठाऊकच नाही. निवडुंग आणि कोरफड खडकाळ, झटकन कोरड्या होणाऱ्या जागेतले. फर्न जंगलातल्या दमट सावलीतलं.

मग स्वतःकडे पाहा, प्रामाणिकपणे. रोज झारी हातात घ्यायची सवय असेल तर मिश्रण मोकळं हवं. आठवडाभर विसरून जात असाल तर ओल धरणारं हवं. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड कमी पाणी पितं, म्हणून तिथे मोकळं मिश्रण. भाजलेल्या मातीची कुंडी भिंतीतूनही ओल सोडते, तिच्यात ओल धरणारं कोकोपीट थोडं जास्त चालतं. प्लास्टिकच्या किंवा चकचकीत लेप दिलेल्या कुंडीत हवा ठेवणारं परलाइट वाढवा. एकाच झाडाला दोन घरांत दोन वेगळी मिश्रणं लागू शकतात, त्यामुळे कुणाचं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. माझंही.

दुसरी पायरी: घटकांची कामं

जुन्या काळी माळी प्रत्येक झाडासाठी वेगळं, गुपित असल्यासारखं मिश्रण करत. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी बहुतेक झाडांना चालेल असं एक प्रमाण ठरवलं: मापानं ७ भाग पोयटा, ३ भाग पीट (दलदलीत साचलेलं शेवाळ) आणि २ भाग जाडी वाळू, सोबत थोडं खत. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं पीटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट घालून बिनमातीची हलकी मिश्रणं तयार केली. आज पिशवीवर ‘पॉटिंग सॉइल’ लिहिलेलं असूनही आत बऱ्याचदा चिमूटभर माती नसते, ती याच वाटेनं.

मिश्रणातला प्रत्येक घटक तीनपैकी एखादं काम करतो: ओल धरणं, हवा ठेवणं, अन्न पुरवणं. काही दोन कामं करतात. पिशवीतला घटक कोणत्या कामाचा हे कळलं की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यातला भुसा. ओल उत्तम धरतो, वाळला तरी पुन्हा सहज भिजतो. दाबलेली ५ किलोची वीट फुलून साधारण ६० ते ७० लिटर होते, तेव्हा भिजवायला टोपलं मोठं घ्या. नवशिक्यांची गफलत होते ती दोन ठिकाणी. पहिली, न धुता वापरणं. कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असू शकतात. पिशवीवर ‘धुतलेलं’ असं नसेल तर दोन-तीन पाण्यांतून भिजवून पिळून घ्या. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं, म्हणून पुढे खत देताना त्यात हे दोन्ही आहेत ना, ते पाहा. दुसरी गफलत वरच्या रंगाची. कोकोपीटचा वरचा थर लवकर फिकट, कोरडा दिसतो आणि खाली चांगली ओल असते. डोळ्यांवर जाऊ नका, बोट खुपसा.

पीट मॉस दलदलीत स्फॅग्नम शेवाळ साचून बनतं. वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर थर साठतो आणि त्या दलदली प्रचंड कार्बन धरून असतात, त्यामुळे मी ते शक्यतो टाळते. वापरायचं असेल तर ते आम्ल असतं हे लक्षात ठेवा (तयार मिश्रणात त्यासाठी चुना मिसळलेला असतो) आणि ते पूर्ण वाळू देऊ नका. एकदा खडखडीत वाळलं की पाणी वरून घसरून कुंडीच्या कडेनं निघून जातं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

परलाइट ही ज्वालामुखीतली काच. तापवली की आतलं पाणी वाफ होऊन ती लाह्यांसारखी फुलते. पांढरी, हलकी, हवा ठेवणारी. व्हर्मिक्युलाइट दिसायला अभ्रकासारखं, तेही फुलवलेलं, पण त्याचं काम उलट: ते ओल आणि अन्नद्रव्यं धरतं. नावं सारखी वाटतात म्हणून निवडुंगाला परलाइटऐवजी व्हर्मिक्युलाइट घालणारे मी पाहिले आहेत. प्युमिस परलाइटपेक्षा जड, त्यामुळे पाण्याबरोबर वर तरंगत नाही. मिळालं तर जरूर घ्या. झाडाच्या सालीचे तुकडे आणि भाताचं तूसही मिश्रण मोकळं ठेवतात, मात्र तूस कालांतरानं कुजून बसतं.

वाळूबद्दल थोडं जपून. जाडी, खरखरीत वाळू उपयोगी. बारीक वाळू मोठ्या पोकळ्या बुजवते आणि मिश्रण उलट घट्ट करते. समुद्राची वाळू खारट, ती नकोच.

गांडूळ खत आणि कुजलेलं कंपोस्ट अन्न देतात, सूक्ष्मजीव आणतात. पण जास्त झालं तर मिश्रण जड होतं, क्षार वाढतात आणि कोवळ्या मुळांना भाजल्यासारखं होतं. एकूण मापाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको, घरातल्या झाडांना त्याहून कमी. शेणखत पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं, हातात भुगा होणारं घ्या. कच्चा लाकडी भुसा टाळा, तो कुजताना मिश्रणातला नत्र खातो आणि पानं पिवळी पडतात.

आणि बागेतली माती? घरातल्या लहान कुंडीत नको. ती पाण्यानं बसते, घट्ट होते आणि वाफसा यायला कितीतरी दिवस घेते. उघड्यावरच्या मोठ्या कुंडीत मात्र एक तृतीयांशापर्यंत चालते, किंबहुना वाऱ्यात झाड उभं राहायला तिचं वजन हवंच असतं. कोरडी माती पाण्याच्या बरणीत जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला तास-दोन तास लागतात आणि चिकण कण दिवसभरही पाणी गढूळ ठेवतात. दुसऱ्या दिवशी तळाशी वाळूचा थर नावापुरताच आणि वर चिकण मातीचा जाड थर दिसला, तर ती माती कुंडीत आणू नका.

तिसरी पायरी: प्रमाण

सगळी मापं आकारमानाची आहेत, वजनाची नाहीत. एकच डबा घ्या आणि त्यानंच मोजा.

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम: २ डबे कोकोपीट, १ परलाइट, १ सालीचे तुकडे, अर्धा गांडूळ खत. सुरुवात करणाऱ्यानं हेच आधी करावं. घरातली बहुतेक पानांची झाडं यात खुशीत राहतात.

फर्न, पीस लिली, कॅलाथिया: ३ कोकोपीट, १ परलाइट, १ गांडूळ खत.

स्नेक प्लांट, झीझी, कोरफड, निवडुंग: १ कोकोपीट, २ परलाइट किंवा प्युमिस किंवा जाडी वाळू, मूठ-दोन मूठ गांडूळ खत. ही झाडं पानांत किंवा कंदात पाणी साठवतात. त्यांना मिश्रणातल्या साठ्याची गरज नाही.

फॅलेनॉप्सिस: सालीचे १ ते २ सेंटिमीटरचे तुकडे, बाकी काही नाही.

बिया आणि छाटे: कोकोपीट आणि परलाइट समसमान. खत अजिबात नको. बियांसाठी परलाइटऐवजी बारीक व्हर्मिक्युलाइट घेतलं तरी छान.

उघड्यावरची फुलझाडं, टोमॅटो, मिरची: माती, कोकोपीट आणि जाडंभरडं (परलाइट, तूस किंवा जाडी वाळू) प्रत्येकी १, कंपोस्ट पाऊण.

अझेलिया, कॅमेलिया, अनंत यांना आम्ल मिश्रण लागतं, सामू (आम्लतेचं माप, pH) साधारण ५ ते ५.५. सामू वाढला की त्यांना लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हेच समजा. यांच्यासाठी चुना नसलेलं मिश्रण निवडा. बाकीची बहुतेक घरातली झाडं ५.५ ते ६.५ मध्ये सुखी असतात.

तयार पिशवी घ्यायची असेल तर मागची घटकांची यादी वाचा. यादीच नसेल तर ती पिशवी सोडा. उचलून पाहा: आकाराच्या मानानं फार जड असेल तर आत माती, बारीक वाळू किंवा पाणी जास्त आहे. आत खत मिसळलं असेल तर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वरून खत देऊ नका. साधं तयार मिश्रण घेऊन त्यात तिसरा हिस्सा परलाइट घालणं हा नवशिक्यासाठी सगळ्यात बिनचूक सौदा आहे.

चौथी पायरी: मिसळा आणि तपासा

पिशवी उघड्या हवेत उघडा आणि तोंड जवळ नेऊन वास घेऊ नका. कुंडीच्या मिश्रणात लेजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू असू शकतो, आणि त्याची धूळ श्वासातून गेली तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. परलाइटची धूळही घशाला त्रास देते. मास्क लावा, सगळं आधी पाण्यानं शिंपडून घ्या, नंतर हात साबणानं धुवा. वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर हे टाळूच नये.

ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हावा, आणि बोटानं टोचताच फुटावा. गोळा होतच नसेल तर ओल धरणारं वाढवा. टोचूनही फुटत नसेल, बोटांतून पाणी येत असेल, तर हवा ठेवणारं वाढवा.

याहून पक्की चाचणी घरीच करता येते आणि ती एकदा तरी कराच, कारण मग कायमचा अंदाज येतो. कुंडीची छिद्रं चिकटपट्टीनं बंद करा. आधी पाण्यानं भरून तिचं आकारमान मोजा, समजा २ लिटर आलं. ती रिकामी करून ओलसर मिश्रणानं भरा, दोनदा हलकेच आपटा. आता कडेनं हळूहळू पाणी सोडा, पृष्ठभागावर चकाकी येईपर्यंत. तासभर थांबा, पातळी उतरली तर पुन्हा भरा. मग कुंडी परातीवर धरून चिकटपट्टी काढा आणि अर्धा तास निथळू द्या. परातीत आलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी बाहेर पडलं, तेवढी जागा आता हवेनं घेतली आहे. ३०० मिलिलिटर आलं तर २ लिटरपैकी १५ टक्के हवा. बहुतेक झाडांना १० ते २० टक्के पुरते. निवडुंग, ऑर्किड यांना २० च्या वर हवी. १० च्या खाली आली तर जाडंभरडं वाढवून पुन्हा मोजा.

पाचवी पायरी: कुंडी भरा

नवी कुंडी जुनीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटरच रुंद घ्या. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, आणि उत्तम मिश्रणातही वाफसा येत नाही. मिश्रण ओलसर करूनच भरा. अंगठ्यानं ठासू नका, कुंडी जमिनीवर एक-दोनदा आपटली की पोकळ जागा भरतात. रोप जितकं खोल होतं तितकंच लावा, वर २ सेंटिमीटर जागा पाण्यासाठी सोडा. मुळांचा गोळा घट्ट असेल तर बोटांनी कडेची मुळं सैल करा, नाहीतर जुना गोळा वेगळा वाळतो आणि नवं मिश्रण वेगळं ओलं राहतं. तळातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर घाला आणि बशीत साचलेलं फेकून द्या.

त्यानंतर कुंडी उचला आणि तिचं वजन हाताला समजू द्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा उचला. वाफशातल्या कुंडीचं वजन हाताला कळायला लागलं की पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावावं लागत नाही.

पुढे वर्षभरात

मिश्रणही म्हातारं होतं. कोकोपीट आणि कंपोस्ट कुजून बारीक होतात, पातळी खाली बसते, पोकळ्या बुजतात. पूर्वी चार दिवसांत हलकी होणारी कुंडी आठ दिवस जड राहायला लागली, पाणी वर साचून राहायला लागलं, बारीक काळ्या माश्या घोंघावू लागल्या, की बदलायची वेळ आली. साधारण एक ते दोन वर्षांनी ती येतेच. ऑर्किडची साल मऊ होऊन बोटांत दबायला लागली की लगेच बदला.

जुनं मिश्रण फेकायची गरज नाही. रोग नसलेल्या कुंडीतलं चाळून घ्या, बारीक भुकटी बागेत किंवा कंपोस्टमध्ये टाका, जाडा भाग ठेवा आणि त्यात निम्मं नवं मिश्रण व थोडं गांडूळ खत घाला. उघड्यावरच्या फुलझाडांना ते छान चालतं. मुळं कुजून गेलेल्या झाडाचं मिश्रण मात्र पुन्हा कोणत्याही कुंडीत घालू नका, आणि ती रिकामी कुंडी साबणानं घासून कडक उन्हात दोन दिवस पालथी ठेवा.